एक्स-रेचं बटण दाबायचं कुणी? नियम काय सांगतो आणि दवाखान्यात काय विचारायचं

नांदेडची डॉक्टर लेन घ्या किंवा लातूरचा औसा रोड. मुखेड, हदगाव, निलंगा, उदगीरहून आलेला पेशंट हाडाच्या डॉक्टरांना गुडघा दाखवतो, डॉक्टर चिठ्ठीवर दोन अक्षरं लिहितात आणि आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणतं, "चला, इथं झोपा." हा 'कुणीतरी' शिकलेला तंत्रज्ञ असू शकतो. केसपेपर काढणारा मुलगाही असू शकतो. आपण विचारत नाही, कारण आपल्या लेखी तो एक प्रकारचा फोटोच असतो.

हा फोटो कुणी काढायचा, हे भारतात ठरलेलं आहे. त्यावर लक्ष ठेवते अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. मुंबईतली ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. अणुभट्ट्यांवर देखरेख करणारं मंडळ गल्लीतल्या दवाखान्यातल्या मशीनवरही अधिकार ठेवतं, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. पण रेडिएशन म्हटलं की दोन्ही त्यांच्याच कक्षेत येतात. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली २००४ मध्ये रेडिएशनपासून संरक्षणाचे नियम आले आणि वैद्यकीय एक्स-रेसाठी मंडळाची वेगळी सुरक्षा संहिता आहे.

त्या संहितेनुसार एक्स-रे तंत्रज्ञ व्हायचं तर विज्ञान घेऊन बारावी आणि त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेतला किमान एक वर्षाचा रेडिओग्राफीचा अभ्यासक्रम लागतो, तोही प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासह. वय अठरा पूर्ण हवं. दाताच्या डॉक्टरांचं थोडं वेगळं आहे. बीडीएसच्या अभ्यासक्रमात मुखरोग आणि रेडिओलॉजी हा विषयच असतो, त्यामुळे दाताचा लहान एक्स-रे ते स्वतः काढतात. पण डॉक्टरांची ही पात्रता त्यांच्या मदतनिसाला आपोआप लागू होत नाही. "मी सांगतो, तू दाब" एवढ्यानं मदतनीस तंत्रज्ञ होत नाही.

बटण दाबण्यात असं काय विशेष?

बटण दाबणं सोपंच आहे, अवघड आहे ते त्याआधीचं. किती व्होल्टेज ठेवायचं, किती वेळ किरण सोडायचे, नळी किती अंतरावर धरायची, किरणांची चौकट किती लहान करायची, हे माणसागणिक बदलतं. मनगटाचा एक्स-रे काढताना चौकट उघडी ठेवली तर किरण पोटापर्यंत जातात. चार वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाचं सेटिंग लावलं तर तिला गरजेपेक्षा कितीतरी जास्त डोस मिळतो. फोटो हलला की पुन्हा काढायचा, म्हणजे डोस दुप्पट.

डिजिटल मशीन आल्यापासून एक चूक दिसेनाशी झाली आहे. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच कळायची. आता कॉम्प्युटर चित्राचा उजेड-अंधार स्वतःच जुळवून घेतो. उलट जास्त डोस दिला तर चित्र अधिक स्वच्छ दिसतं. न शिकलेला माणूस मग सेटिंग हळूहळू वाढवत जातो, आणि त्याला कुणी टोकत नाही, कारण एक्स-रे छानच येतो.

इथं घाबरायचं मात्र कारण नाही. छातीचा एक एक्स-रे साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्टचा असतो, दाताचा त्याहून बराच कमी. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला वर्षाकाठी नैसर्गिकरीत्याच सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाचा सीटी स्कॅन ८-१० च्या घरात जातो, तो खरा मोठा. आणि मशीन बंद केलं की किरणही थांबतात, खोलीत काहीही मागे उरत नाही. डॉक्टरांना गरज वाटत असेल तर भीतीपोटी एक्स-रे टाळू नये.

खरा धोका बटण दाबणाऱ्याला

पेशंटला वर्षातून एखादा एक्स-रे पुरतो. आतला मुलगा दिवसाला कित्येक काढतो, आणि वर्षानुवर्षं काढतो. म्हणून नियमात त्याच्यासाठी डोसची मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ती मोजण्यासाठी छातीवर टीएलडी बॅज लावायचा असतो. तो दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो आणि त्या माणसाच्या नावावर आकडा नोंदला जातो. मशीन चालवणारा म्हणून ज्याची कागदावर नोंदच नाही, त्याच्या नावाचा बॅज कुठून येणार? त्यानं किती किरण घेतले याचा कुठंच हिशेब राहत नाही. पडद्यामागे उभं राहावं, कण्हणाऱ्या पेशंटचा पाय स्वतःच्या हातानं धरून ठेवू नये, दाताची फिल्म दुसऱ्याच्या तोंडात बोटानं धरू नये, या साध्या गोष्टीही त्याला कुणी शिकवलेल्या नसतात. आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या पोराचं हे नुकसान पेशंटपेक्षा कितीतरी मोठं आहे, पण त्यावर बोललं जात नाही.

नियम आहेत, मग अडतं कुठं? २०१२ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, याचा हिशेब मांडला होता. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० नोंदणीकृत होती. म्हणजे शंभरातली जवळपास ९१ मंडळाच्या नजरेबाहेर. प्रत्येक राज्यात रेडिएशन सुरक्षेसाठी वेगळं संचालनालय असावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच सांगितलं होतं. अहवालाच्या वेळी ते फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होतं. त्यानंतर 'ई-लोरा' ही ऑनलाइन परवाना व्यवस्था आली आणि नोंदणी सोपी झाली. पण मशीनची नोंदणी ऑनलाइन होते. रोज संध्याकाळी सहा वाजता मशीनपाशी कोण उभं असतं, ते ऑनलाइन दिसत नाही.

सोनोग्राफीशी तुलना करून पाहा. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यानंतर मराठवाड्यात सोनोग्राफी केंद्रांवर कडक नजर आली, ती यायलाच हवी होती. यंत्र कोण चालवतं, फॉर्म भरला का, भिंतीवर फलक आहे का, हे सगळं तपासलं जातं. सोनोग्राफीत रेडिएशन अजिबात नसतं. ज्यात असतं, त्या एक्स-रेच्या खोलीत मात्र तपासणीची पावलं क्वचितच वळतात.

तंत्रज्ञांची मागणीही जुनीच आहे. त्यांच्यासह इतर सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये केंद्राचा कायदा झाला. अंमलबजावणी रखडली म्हणून तंत्रज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानं केंद्राला व राज्यांना मुदत घालून दिली. महाराष्ट्रात त्याआधीपासून परावैद्यक परिषद आहे, एक्स-रे तंत्रज्ञांची नोंदणी तिच्याकडे होते.

दवाखान्यात गेल्यावर भांडायची गरज नाही. "एक्स-रे कोण काढणार, टेक्निशियन आहेत का?" एवढं विचारलं तरी चालतं. छातीवर बॅज आहे का, ते दिसतंच. एईआरबीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणता येतं, त्यावर मुदत लिहिलेली असते. बाई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल तर टेबलावर झोपण्याआधीच सांगावं. लहान मुलाला धरायची वेळ आली तर घरच्या माणसानं शिशाचा एप्रन मागून घ्यावा, आणि गरोदर बाईनं मूल धरायला आत जाऊच नये. मागचा एक्स-रे जवळ असेल तर सोबत न्यावा, कदाचित नवा काढायची गरजच पडणार नाही. मशीनच्या परवान्याबद्दल तक्रार एईआरबीकडे करता येते, तंत्रज्ञाच्या नोंदणीबद्दल परावैद्यक परिषदेकडे.