कर्जखते जळाल्यानंतर

पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी आठवड्याचा बाजार होता. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि हाती लागलेली कर्जखते जाळली. पाहता पाहता हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाने त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हटले. हा शब्द मला खटकतो. रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने मुकाट्याने खते दिली, की बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव होता, तेव्हा कर्ज सढळ मिळे. १८६५ नंतर भाव कोसळले, वर साराही वाढला. थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहिले जाई. कुणब्याला ते वाचता येत नसे, आणि कोर्ट मानी ते त्या कागदालाच.

१८७९च्या कायद्याने न्यायाधीशाला खतामागचा मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. पण कायदा काही बियाण्याला पैसे देत नाही. वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकी बँकेची योजना पुढे आणली, तिला लंडनहून नकार आला.

सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो १९०४ साली. जर्मनीतील रायफायझेनच्या धर्तीवर गावच्या सोसायटीत जबाबदारी अमर्याद ठेवली होती. म्हणजे एकाने बुडवले, तर भरपाई सगळ्यांनी करायची. साहजिकच कोणाला किती कर्ज हवे आणि कशासाठी, याची चौकशी शेजारीच करू लागले. खत सावकाराच्या पेटीतून सोसायटीच्या दप्तरात आले आणि दप्तराची दरवर्षी तपासणी होऊ लागली. सहकाराने गावाला शांतता दिली असेल, तर ती मला या दप्तरात दिसते, भाषणांत नाही. अर्थात ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याला जामीन कोण राहणार? तो बाहेरच राहिला.

१९५०मध्ये त्याच अहमदनगर जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊस पिकवणारा कारखान्याचा भागधारक झाला. ऊस तोडणारा मात्र नाही. बीडकडची जोडपी आजही मुकादमाकडून उचल घेऊन हंगामाला निघतात, आणि उचलीचा हिशोब असतो मुकादमाच्या वहीत.