पंक्चरवाल्या दादाची सुट्टी

सायकल पंक्चर झाली की आपण कुठे धावतो? कोपऱ्यावरच्या दुकानात! उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या गल्लीबोळांत केस कापण्याची, शिलाईची, दुरुस्तीची अशी कितीतरी छोटी दुकाने आहेत. पण तिथला दादा तापाने फणफणला तर? बहुधा त्याचा रोजच बुडतो.

'ईएसआय' विम्यातल्या कामगाराचे तसे नसते. पगाराच्या दर 100 रुपयांमागे तो 75 पैसे भरतो, मालक सव्वातीन रुपये. त्यातून औषधपाणी होते, आजारपणात थोडे पैसेही मिळतात. या योजनेचे रुग्णालय उल्हासनगरातच आहे! पण ती साधारणपणे 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच सक्तीची. दोघा-तिघांचे दुकान बाहेरच राहते.

मग म्हातारपणी काय? महिना 15,000 रुपयांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी 2019 साली केंद्र सरकारने 'श्रमयोगी मानधन' योजना आणली. अठराव्या वर्षी नाव घातले तर महिना 55 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालते. साठीनंतर महिना 3,000 रुपये पेन्शन. अर्थात मधली 42 वर्षे भरत राहायचे. रोज बुडणाऱ्याला तेही जडच, नाही का? शिवाय चाळिशीनंतर नाव घालता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी हवा भरताना विचारा बरं, "दादा, तुमचं नाव घातलंत का?"