पडलेला प्रोसेसर पुन्हा उभा करताना

टेबलावर एसटीएम३२एमपी१५७ चिपचा बोर्ड आहे. त्याला एक छोटी मोटर जोडली आहे आणि शेजारच्या लॅपटॉपवर सिरीयल कन्सोल उघडा आहे. माझ्या सहकाऱ्याने फर्मवेअरमध्ये मुद्दाम एक न संपणारा लूप पेरून ठेवला आहे. ठरावीक संदेश मिळाला की प्रोसेसर त्या लूपमध्ये शिरतो आणि परत येत नाही. तो संदेश पाठवला की बघता बघता कन्सोलवर ओळी उमटतात: क्रॅश आढळला, प्रकार वॉचडॉग, क्रॅश क्रमांक एक हाताळतोय, एम४ला सावरतोय, रिमोट प्रोसेसर थांबवला, रिमोट प्रोसेसर सुरू झाला. एवढंच. लिनक्सचं स्वतःचं काम या काळात जराही अडलेलं नसतं. नेटवर्क चालू, पडदा चालू, सगळं जिथल्या तिथे.

या मोजक्या ओळींच्या मधल्या जागेत जे घडतं, ते मला एम्बेडेड कामातला सगळ्यात कसोटीचा भाग वाटतं. प्रोसेसर रीसेट करणं अवघड नसतं. अवघड असतं ते कुठलं काम कुठल्या कामाच्या आधी करायचं हे ठरवणं.

या चिपमध्ये दोन कॉर्टेक्स-ए७ गाभे आहेत आणि त्यांच्यावर लिनक्स चालतं. त्याच चिपमध्ये २०९ मेगाहर्ट्झचा एक कॉर्टेक्स-एम४ आहे. मोटरला ज्या नेमक्या क्षणी पल्स हवा त्याच क्षणी तो मिळेल, याची हमी साधं लिनक्स देत नाही. ते काम एम४कडे असतं. लिनक्सच्या नजरेतून एम४ हा एक ‘रिमोट’ प्रोसेसर. त्याचं फर्मवेअर फाइलमधून वाचायचं, त्याच्या मेमरीत भरायचं, त्याला सुरू करायचं, थांबवायचं, ही सगळी जबाबदारी कर्नलमधल्या रिमोटप्रॉक या चौकटीची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ओमॅप चिपांवरच्या गरजेतून ओहाद बेन-कोहेन यांनी ती उभी केली आणि २०१२ मध्ये ३.४ या कर्नलमध्ये ती आली. पडलेल्या प्रोसेसरला पुन्हा उभं करण्याचा भाग त्याच वर्षी फर्नांडो गुझमान लुगो यांनी लिहिला. तेव्हा प्रश्न फोनमधल्या मल्टिमीडिया प्रोसेसरचा होता. आज तो कारखान्यांतल्या कंट्रोलरांचाही आहे.

आता त्या लूपकडे येऊ. एम४ अडकला हे लिनक्सला कळतं कसं? एम४च्या बाजूला वॉचडॉग टायमर असतो, त्याला ठरावीक वेळात पुन्हा भरावं लागतं. लूपमध्ये अडकलेला प्रोसेसर ते करू शकत नाही. टायमर संपला की एम४ रीसेट होतो आणि त्याच वेळी ए७कडे एक इंटरप्ट येतो. त्या इंटरप्टमध्ये फार काही करता येत नाही, कारण तिथे वाट बघायला परवानगी नसते आणि सावरण्याच्या कामात तर फाइल वाचण्यापासून सगळं आहे. म्हणून ड्रायव्हर फक्त वर्दी देतो आणि खरं काम वर्क क्यूवर टाकून मोकळा होतो. वर्दी देतानाच एक दक्षता घेतलेली असते: सावरणं पूर्ण होईपर्यंत यंत्रणेने झोपी जायचं नाही. दुसरी दक्षता अशी, की प्रोसेसर आधीच ‘क्रॅश्ड’ अवस्थेत असेल तर दुसरी वर्दी दुर्लक्षित होते. एकाच पडझडीतून वॉचडॉगही ओरडतो आणि फॉल्टही येतो असं पुष्कळदा होतं. दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती सुरू केली तर कशाचाच पत्ता लागणार नाही.

एम४ आपोआप रीसेट होतोच आहे, तर त्यालाच आपला आपण पुन्हा सुरू होऊ द्यावं, लिनक्सने मध्ये कशाला पडायचं, असं नवीन आलेली मुलं हमखास विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ही चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या रिमोटप्रॉक ड्रायव्हरमधल्या सुरू करण्याच्या फंक्शनमध्ये दोन ओळींत आहे. पहिल्या ओळीत ‘होल्ड बूट’ काढलं जातं, म्हणजे एम४ला निघायची मुभा मिळते. लगेच दुसऱ्या ओळीत ते परत लावलं जातं. एम४ धावायला लागला की त्याच्यामागे फाटक बंद होतं. उद्या वॉचडॉगने त्याला रीसेट केलं, तर तो त्या फाटकापाशी थांबतो. लिनक्सने उघडल्याशिवाय पुढे सरकत नाही. मला हा तुकडा फार आवडतो.

हा अडसर का हवा, ते सामायिक मेमरीत दिसतं. लिनक्स आणि एम४ एकमेकांशी बोलतात ते आरपीमेसेजमधून. दोघांच्या मध्ये मेमरीत व्हीरिंग नावाच्या रांगा असतात, प्रत्येक दिशेला एक. एकेक बफर ५१२ बाइटचा, त्यात १६ बाइट शीर्षक आणि उरलेले ४९६ मजकुरासाठी. कुठपर्यंत लिहिलं आणि कुठपर्यंत वाचलं याचा हिशोब दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांनी ठेवतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांनी उधारीच्या दोन वह्या ठेवाव्यात तसं हे आहे. एकाची वही हरवली आणि त्याने पहिल्या पानापासून नवी सुरू केली, तर दुसऱ्याच्या चाळिसाव्या पानाशी ती जुळणार कशी? एम४ आपल्या मनाने उठला, तर तो शून्यापासून मोजू लागेल आणि लिनक्स जुन्या आकड्यावर असेल. सगळ्यात वाईट म्हणजे काही वेळा हे थोडंसं चालल्यासारखं दिसतं आणि मग एखादा जुना आदेश नव्याने आल्यासारखा वाचला जातो. मोटरला ‘फिर’ सांगणारा आदेश असा पुन्हा वाचला गेला तर काय होईल याची कल्पना करा.

म्हणून रिमोटप्रॉक आधी वरच्या थरापासून मोडायला घेतो. संवादाची साधनं प्रथम काढली जातात आणि काढताना, हे क्रॅशमुळे होतंय, नेहमीचं थांबवणं नव्हे, अशी खूणही दिली जाते. आरपीमेसेजच्या वाहिन्या बंद होतात. त्यांवर बसलेल्या ड्रायव्हरांना जायला सांगितलं जातं. त्यानंतरच प्रोसेसर थांबवण्याची पाळी येते. नेहमीच्या वेळी एसटीचा ड्रायव्हर एम४ला मेलबॉक्समधून कळवतो, की तुला थांबवतोय, आवरून घे. आणि उत्तराची थोडी वाट बघतो. क्रॅश झालेला असेल तर तो कळवत नाही. जो बोलण्याच्या स्थितीत नाही त्याच्या उत्तरासाठी थांबून वेळ घालवायचा नाही, हा निर्णय बरोबर आहे. पुन्हा उभं करताना व्हीरिंगची मेमरी शून्यांनी पुसली जाते, फर्मवेअरची फाइल नव्याने वाचली जाते आणि तिचे सगळे भाग मेमरीत परत भरले जातात. हे भरणंही गरजेचं असतं. एम४ला नुसता रीसेट दिला तर त्याची रॅम तशीच राहते आणि बिघडलेली पानंही तशीच राहतात.

थांबवणं आणि पुन्हा भरणं यांच्या मध्ये एक छोटी फट असते. माझ्या मते सगळ्यात मोलाची जागा तीच. प्रोसेसर थांबलेला आहे, म्हणजे त्याची मेमरी आता बदलत नाही. नवं फर्मवेअर अजून भरलेलं नाही, म्हणजे पुरावा अजून पुसलेला नाही. कोरडम्प याच फटीत घेतला जातो. ड्रायव्हरने जे मेमरीचे भाग नोंदवलेले असतील त्यांची एल्फ स्वरूपात प्रत निघते आणि ती कर्नलच्या डेव्हकोरडम्प या सोयीच्या फाइलमधून वाचता येते. कुणी तिला हात लावला नाही, तर ५ मिनिटांनी कर्नल ती टाकून देतो.

या डम्पमध्ये मेमरी असते, प्रोसेसरचे रजिस्टर नसतात. जीडीबी या डीबगरमध्ये डम्प उघडला आणि प्रोसेसर कुठल्या ओळीवर होता असं विचारलं, तर ते थेट सांगत नाही. एम४च्या बाबतीत एक सोय आहे. कुठलाही फॉल्ट आला की हार्डवेअर स्वतःच आठ शब्द स्टॅकवर ढकलतं, त्यांत प्रोग्रॅम काउंटरही येतो. स्टॅक रॅममध्ये असतो, रॅम डम्पमध्ये येते, म्हणून शोधत गेलं की ती ओळ सापडते. फॉल्टचं कारण सांगणारे रजिस्टर मात्र रॅममध्ये नसतात. फॉल्ट हँडलरने ते एखाद्या ठरलेल्या जागी उतरवून ठेवले नाहीत, तर रीसेटबरोबर ते गेलेच. वॉचडॉगच्या वेळी फॉल्ट झालेलाच नसतो, पण या चिपच्या वॉचडॉगला टायमर संपायच्या किंचित आधी सूचना देण्याची सोय आहे. त्या सूचनेच्या हँडलरमध्ये स्टॅक कुठे आहे एवढं लिहून ठेवलं तरी पुढचं काम निम्मं होतं. पेरलेल्या लूपचा डम्प उघडून त्यातली नेमकी ओळ सहकाऱ्याने जेव्हा दाखवली, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, खरा क्रॅश आला तरी आता आपण अंधारात नाही.” त्याचं म्हणणं अगदी खरं होतं.

मोटरचं सांगायचं राहिलं. वॉचडॉगने एम४ला रीसेट केलं, तो फाटकाशी थांबला, लिनक्स डम्प घेत होतं आणि मोटर फिरतच होती. मोटरला पल्स देतो तो टायमर हा वेगळा घटक आहे. त्याला एकदा सांगितलं की तो सांगितल्याप्रमाणे पल्स देत राहतो. गाभ्याच्या रीसेटने तो थांबत नाही. कन्सोलवरच्या सगळ्या ओळी अचूक असतात आणि तरीही यंत्र काही काळ कुणाच्याच ताब्यात नसतं. इथे कर्नलचा काही दोष नाही, बाहेर कुठली मोटर जोडली आहे हे त्याला ठाऊक नसतं. यावर उपाय बोर्ड आखणाऱ्याने करायचा असतो. फर्मवेअरच्या अगदी पहिल्या ओळींनी आउटपुट सुरक्षित अवस्थेत नेले पाहिजेत. ते पुरेसं नाही, कारण त्या ओळी चालायला एम४ उठावा लागतो. मोटर ड्रायव्हरची परवानगीची पिन अशा सर्किटला जोडावी, की एम४कडून नियमित ठोका येणं थांबलं तर ती पिन आपसूक खाली जाईल. सावरण्याच्या वेळात यंत्राने काय करावं, हा प्रश्न स्कीमॅटिक काढतानाच विचारावा लागतो.

लिनक्सवरच्या ॲप्लिकेशनांचीही अशीच तयारी लागते. वाहिनी सीरियल पोर्टसारखी उघडून वाचत बसलेल्या प्रोग्रॅमला क्रॅशच्या वेळी एरर मिळते. त्याने ती फाइल बंद करून नव्याने उघडायला हवी. तो जुनीच धरून बसला, तर नव्या वाहिनीला पुढचा क्रमांक मिळतो आणि बाकीची मंडळी जुन्या नावाच्या फाइलवर वाट बघत राहतात. एसटीच्या नमुना फर्मवेअरमध्ये पहिला संदेश लिनक्सकडून जावा लागतो, त्याशिवाय एम४ला उत्तर कुठे पाठवायचं हेच कळत नाही. म्हणजे प्रोसेसर उठला तरी संवाद सुरू करण्याची जबाबदारी ॲप्लिकेशनवर येते. ‘रिमोट प्रोसेसर सुरू झाला’ या शेवटच्या ओळीवर फार विसंबू नये, असं मी सगळ्यांना सांगते. त्या ओळीचा अर्थ फाटक उघडलं एवढाच. आतलं फर्मवेअर खरोखर कामाला लागलं का, हे त्याच्याकडून एखादा संदेश आल्यावरच ठरतं.

मोबाइल फोनमध्ये हीच गोष्ट रोज घडत असते. क्वालकॉमच्या चिपांवर मोडेम, ऑडिओ, वायफाय यांचे वेगळे प्रोसेसर असतात आणि त्यातला एक पडला की फक्त तेवढाच उठवला जातो. नेटवर्कची कांडी क्षणभर नाहीशी होऊन परत येते, बाकी फोन चालू राहतो. वापरणाऱ्याला वाटतं, रेंज गेली होती.

याच गुणातून एक धोका येतो. क्रॅश लपून जातो. कर्नल क्रॅश मोजतो आणि लॉगमध्ये क्रमांक लिहितो. कितव्या क्रॅशनंतर थांबावं हे मात्र तो ठरवत नाही. फर्मवेअर दर मिनिटाला पडत असेल, तर तो दर मिनिटाला उठवत राहील. उत्पादन बाहेर गेलेलं असतं, तक्रार येत नाही आणि मूळ चूक वर्षानुवर्षं आत राहते. भर म्हणजे अलीकडच्या कर्नलमध्ये कोरडम्प मुळातच बंद असतो. कुणीतरी तो चालू करावा लागतो.

तुमच्या उपकरणात असा दुय्यम प्रोसेसर असेल, तर उत्पादन बाहेर जाण्याआधी कोरडम्प चालू करा आणि ५ मिनिटांच्या आत तो डिस्कवर उतरवणारा छोटा प्रोग्रॅम लिहा. क्रॅशचा आकडा ठेवा आणि तो वाढत गेला तर आपोआप सावरणं थांबवून यंत्र सुरक्षित अवस्थेत न्या. शिवाय मोटर जोडलेली असताना, पूर्ण वेगात असताना, एम४ मुद्दाम पाडून बघा. कर्नलच्या डीबगएफएस या डीबगिंगच्या फाइल सिस्टीममध्ये त्यासाठी ‘क्रॅश’ नावाची फाइल ठेवलेलीच आहे, पण तिच्यातून फक्त लिनक्सच्या बाजूची तालीम होते. वॉचडॉगसकट पूर्ण तालीम हवी असेल, तर फर्मवेअरमध्ये तो लूपच पेरावा लागतो.