कॅलिपर, तबकडी गतिरोधकाचा

मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर दोन्ही बाजूंनी घर्षक पॅड दाबून चाकाची गती रोखणारा चिमट्यासारखा भाग. तबकडी गतिरोधकाचे एकस्व ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले.

ब्रेक पायपट्टी दाबली म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील दट्ट्या पुढे सरकतो. ड्रम गतिरोधकातल्याप्रमाणे तो मागे आणण्यासाठी येथे सामान्यतः स्प्रिंग नसते. सिलिंडरच्या खाचेतील चौकोनी छेदाचे रबरी कडे दट्ट्याबरोबर किंचित पिळले जाते व दाब जाताच पूर्ववत होऊन त्याला मागे घेते. गळती रोखणे व दट्ट्या परतविणे ही दोन्ही कामे हे कडेच करते. दट्ट्यावर किंवा खाचेत गंज साचला की ही परती थांबते व कॅलिपर अडकतो.

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते. त्यामुळे आतील धातू गंजतो, शिवाय डॉट-४ प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २३०° से. वरून १५५° से. पर्यंत उतरतो. वाई-पाचगणी मार्गावरील पसरणी घाटासारख्या लांब उतारावर अडकलेल्या कॅलिपरमुळे तबकडी तापून ऑइल उकळल्यास पायपट्टी पोकळ लागते. सांगलीत कृष्णेला २०१९ व २०२१ मध्ये आलेल्या महापुरांसारख्या वेळी पाण्यात राहिलेल्या गाडीत सरकत्या खिळ्यांपर्यंत गाळ पोहोचू शकतो.

चाक जखडलेले असता हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. चाक सुटल्यास दोष बहुधा नळीत किंवा मुख्य सिलिंडरमध्ये असतो. न सुटल्यास कॅलिपर उघडावा. गाडी भक्कम घोडीवर ठेवावी. दट्ट्यासमोर लाकडी ठोकळा ठेवून तो पायपट्टीच्या दाबाने बाहेर काढावा. बोटे मध्ये आणू नयेत. खड्डे पडलेला दट्ट्या बदलावा. खाच लाकडी काडीने खरवडावी. सफाईसाठी पेट्रोल, रॉकेल वा साधे ग्रीस वापरू नये, कारण खनिज तेलाने हे रबर फुगते व नवे कडेही दट्ट्याला जखडते, स्पिरिट वापरावे. नवी कडी ताज्या ब्रेक ऑइलने ओली करून बसवावी, खिळ्यांना सिलिकोन ग्रीस लावावे.

जुळणीनंतर हवा पूर्ण काढावी. सपाट रस्त्यावर मंद गतीने चाचणी घेऊन, चाक तापत नाही याची खात्री झाल्यावरच गाडी घाटात न्यावी. हातगतिरोधक जोडलेल्या मागील कॅलिपरची रचना वेगळी असल्याने त्याचे काम कुशल कारागिराकडेच द्यावे.