आत लाकूड आहे का?

मी कविता वाचतो आणि माझा भाचा शेजारी बसून गिटार वाजवतो, असा आमचा एक छोटा कार्यक्रम आहे. उरूस, गणेशोत्सव, कॉलेजचं स्नेहसंमेलन, कुठंही बोलावलं की आम्ही पाटसहून निघतो. मानधन शाल-नारळापासून सुरू होतं आणि पुष्कळदा तिथंच संपतं. त्यामुळे भाच्याला गिटार घ्यायची होती तेव्हा दोघांनी मिळून तीस हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. त्यातले निम्मे त्याचे, मोबाइल दुरुस्तीतून साठवलेले.

त्याला हवी होती सेमी-हॉलो. म्हणजे अर्धी पोकळ, अर्धी भरीव. दिसायला व्हायोलिनसारखे दोन वळणदार कान कापलेली, पोट बारीक, रंग लालबुंद. पुण्याच्या एका दुकानात अगदी तशीच एक जुनी मिळाली. दुकानदार म्हणाला, ‘हीच ती.’ आम्ही आनंदानं लोकलमध्ये बसलो. ती डब्यातल्या दोन माणसांची जागा घेऊन पाटस स्टेशनपर्यंत आली.

पहिलाच कार्यक्रम एका उरसातला. स्पीकरच्या भिंती आमच्या पाठीशी. मी कविता सुरू केली, भाच्यानं तार छेडली आणि गिटार घुमू लागली. हात काढला तरी घुमतच राहिली. जात्यासारखा तो आवाज वाढत वाढत गेला. आईवरची कविता होती, शेवटच्या चार ओळी कुणालाच ऐकू आल्या नाहीत. समोरची पोरं हसली. साउंडवाला ओरडला, ‘चाचा, ते बंद करा!’ परतीच्या टेम्पोत भाचा एवढंच म्हणाला, ‘मामू, मला वाजवता येत नाही वाटतं.’

ते खरं नव्हतं. दोष त्याच्या बोटांत नव्हता, गिटारच्या पोटात होता. तो समजायला आम्हाला आणखी दोन महिने लागले.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पेटीतून येत नाही. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि ती अॅम्प्लिफायरकडे जाते. म्हणजे पोकळ पेटीची तशी गरजच नाही. पण १९३० च्या दशकात अमेरिकेत वादकांनी आपल्या जुन्या पोकळ गिटारलाच पिकअप बसवले. जाझच्या मैफलीत ते गोड वाजलं. आवाज वाढवला तेव्हा मात्र घोळ झाला. स्पीकरचा आवाज पेटीच्या पातळ फळीवर आदळतो, फळी थरथरते, तिच्याबरोबर तार थरथरते, तार पिकअपला सांगते आणि तोच आवाज मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो. हे चक्र सुरू झालं की वाजवणाऱ्याची गरज उरत नाही. वारीत विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणाही पोकळच असते, पण तिच्यासमोर कुणी हजार वॅटचा स्पीकर ठेवत नाही.

१९४० च्या सुमारास लेस पॉल नावाच्या वादकानं यावर उपाय म्हणून चार इंची चौकोनी लाकडी ठोकळा घेतला, त्यावर पिकअप आणि तारा चढवल्या आणि गिटारसारखी दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ पेटीचे अर्धे भाग चिकटवले. गिब्सन कंपनीनं १९५८ मध्ये ईएस-३३५ हे मॉडेल बाजारात आणलं, त्यातही हाच विचार आहे. दोन कडा पोकळ, पण मधून मानेच्या रेषेत थेट खालपर्यंत लाकडाचा ठोकळा. आमच्याकडच्या माळवदाच्या घराला मधली तुळई असते ना, तशी ही तुळई. ती वरच्या आणि खालच्या फळीला धरून ठेवते, थरथरू देत नाही. कडा पोकळ असल्यानं आवाजात थोडी हवा राहते आणि वजनही आटोक्यात राहतं.

आमच्या गिटारीत ही तुळईच नव्हती. बाहेरून हुबेहूब, आतून रिकामी. ही काही फसवणुकीचीच गोष्ट असते असं नाही. एपिफोन कंपनीची कॅसिनो ही अशीच बारीक आणि पूर्ण पोकळ गिटार आहे, बीटल्समधल्या तिघांनी ती वापरली. वस्तू उत्तम, पण उरसातल्या स्पीकरच्या भिंतीपुढची नव्हे.

तेव्हा घेणाऱ्यानं दुकानात सगळ्यात आधी मोबाइलची बॅटरी लावावी आणि गिटारच्या एका कानातून आत पाहावं. मधे लाकडाची भिंत दिसली तर सेमी-हॉलो. पलीकडच्या कानातून येणारा उजेड दिसला तर ती पोकळ. एवढं दोन मिनिटांचं काम आम्ही केलं असतं तर सात हजारांचा तोटा वाचला असता. ती गिटार विकताना तेवढे गेले.

मॉडेलच्या अक्षरांवरही लक्ष ठेवावं. आयबॅनेझ कंपनीच्या आर्टकोर या स्वस्त मालिकेत एएस अक्षरांची गिटार ठोकळ्याची असते आणि एएफ अक्षरांची पोकळ. एका अक्षराचा फरक. एएस ७३ आणि तिची धाकटी बहीण एएस ५३ या मध्यमवर्गीय खिशाच्या जवळपासच्या. एपिफोनची डॉट आता नवी येत नाही, जुन्या बाजारात मात्र सापडते आणि चांगली असते. नव्यांच्या किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून आकडे सांगत नाही.

दुसरी गोष्ट पिकअपची. खेडेगावात वीज म्हणजे लायटिंगच्या माळा, जनरेटर आणि नावापुरतं अर्थिंग. एका वेटोळ्याचा पिकअप या सगळ्यातली घरघर ओढून घेतो. दोन उलटी वेटोळी जोडलेला हंबकर पिकअप ती घरघर बरीचशी आपोआप मारतो, गिब्सनच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञानं तो १९५५ च्या सुमारास तयार केला. आपल्याकडे वाजवायचं असेल तर हंबकरच घ्यावा असं माझं मत आहे. अर्थिंग नसेल तर मात्र हंबकरही काही करू शकत नाही, त्यासाठी साउंडवाल्याशी गोड बोलावं लागतं.

जुनी घेताना सगळे खटके आणि बटणं फिरवून पाहावीत, वायर लावायचं भोक हलवून पाहावं. खरखर आली तर किंमत पाडावी किंवा सोडून द्यावी. भरीव गिटारला मागं झाकण असतं, ते उघडलं की काम होतं. सेमी-हॉलोला बहुधा ते नसतं. आतला प्रत्येक भाग दोरा बांधून कानातून बाहेर काढायचा आणि तसाच परत आत सोडायचा. मोबाइलच्या सूक्ष्म कामात हयात घालवणारा माझा भाचा एका बटणासाठी अख्खी दुपार घाम गाळत बसला होता.

आणि शक्य असेल तर दुकानात गिटार मोठ्या आवाजात, स्पीकरकडे तोंड करून वाजवावी. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो. घालू द्याव्यात. ठोकळ्याची गिटारसुद्धा फार आवाजात घुमतेच, फक्त उशिरा. बी. बी. किंग कानांत टॉवेल कोंबायचे असं सांगतात. त्यांच्या नावानं १९८० मध्ये गिब्सननं जे मॉडेल काढलं त्याला कानच ठेवले नाहीत.

मग सरळ भरीव गिटार का घेऊ नये? दणदणीत ऑर्केस्ट्रा असेल तर तीच घ्यावी, स्वस्तही पडते. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजात विक्रेते सांगतात तेवढा फरकही नसतो. पण भाच्याचं म्हणणं मला पटलं. वीज गेली तरी सेमी-हॉलो खोलीत ऐकू येण्याइतकी वाजते. आमच्याकडे वीज जाते, आणि आमची निम्मी तालीम त्याच वेळात होते.

शेवटी जुनी एएस ७३ मिळाली, अठ्ठावीस हजारांना. या वेळी बॅटरी मी धरली आणि आत भाच्यानं पाहिलं. तार-बदल आणि मानेचं वळण नीट करून घ्यायला हजार-बाराशे गेले, ते खर्चात आधीच धरायला हवेत. पुढच्या हिवाळ्यात एका गावात तीच आईची कविता वाचली. स्पीकर आम्ही पुढं सरकवून घेतले होते, भाचा त्यांच्या मागं बसला. शेवटच्या चार ओळींना त्यानं हात उचलला आणि गिटार गप्प बसली.

कडक पेटी घ्यायला पैसे उरले नाहीत. या गिटारची मान चिकटवलेली आणि डोकं मागं कललेलं, पडली तर तिथंच मोडते. तोवर ती माझ्या बहिणीच्या जुन्या गोधडीत गुंडाळून टेम्पोत भाच्याच्या मांडीवर प्रवास करते.