खोली लावताना : कॉटखालची ट्रंक

गादीचा हिशेब मागच्या आठवड्यात संपला, तेव्हा आज टेबल-खुर्चीचा नंबर होता. तो पुढे ढकलतो आहे. कारण कराडच्या विद्यानगर-सैदापूरकडे खोली घेणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : कपडे ठेवायला पाइपांवर कापड ओढलेलं तयार कपाट घ्यावं का? माझं उत्तर आहे, घेऊ नका. पत्र्याची ट्रंक घ्या. या एका वस्तूवर अख्खा लेख खर्च करण्याइतकं तिचं मोल आहे.

स्वस्ताईचा विचार करताना आपण वस्तूची किंमत पाहतो, ती अडवते त्या फरशीची पाहत नाही. दहा बाय दहाची खोली म्हणजे शंभर चौरस फूट. तिघं राहणार असतील तर सहा बाय तीनच्या तीन कॉटांनी 54 फूट गेले, तीन बाय दोनच्या तीन टेबलांनी 18. उरले 28. त्यातच दार उघडायचं, त्यातच चालायचं. दोन बाय दीडचं एकेक कपाट प्रत्येकानं आणलं की आणखी नऊ फूट गेले, म्हणजे मोकळ्या जागेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. भाडं मात्र सगळ्या फरशीचं भरायचं. उलट कॉटखालची जागा फुकट पडून असते. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर उंच ट्रंकेत पावणेचार घनफूट सामान बसतं आणि चालायची एक इंचही जागा जात नाही.

दुसरा मुद्दा कुलपाचा. कराडजवळच्या काले इथे 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांचं वसतिगृह सुरू झालं आणि निरनिराळ्या जातींची मुलं एका छताखाली राहू-जेवू लागली. सगळंच सामाईक असतं तिथे कडी-कोयंड्याची एक पेटी हाच माणसाचा स्वतःचा कोपरा असतो. आजही तीच गरज आहे. मार्कलिस्ट, जातीचा दाखला, फीच्या पावत्या कापडी कपाटाच्या चेनमागे राहाव्यात असं कोणालाच वाटणार नाही.

यावर पहिला आक्षेप ओलीचा. प्रवेश होतात ते ऐन पावसाळ्यात, मग पत्रा गंजणार नाही का? गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि लोखंडाआधी जस्त झिजतं, म्हणून असा पत्रा बरीच वर्षं टिकतो. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं कपाट ओल धरून फुगतं, पत्रा ओल पीत नाही. पण बंद ट्रंकेत अर्धवट वाळलेला एक शर्ट गेला तरी सगळ्या कपड्यांना कुबट वास लागतो, हे खरं. म्हणून रोजचे कपडे दोरीवर आणि रोज न लागणारेच ट्रंकेत, अशी वाटणी करावी. तळाला इंचभर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या मारून घ्याव्यात. खालून वारा खेळतो आणि ओढताना फरशीवर ओरखडे पडत नाहीत.

दुसरा आक्षेप, रोज वाकून ओढायचा त्रास. वरची वाटणी पाळली तर ती रोज ओढावीच लागत नाही. तिसरा, गावाकडून ती आणायची कशी? ट्रंक हेच मुळी बांधाबांधीचं सामान आहे. येताना भांडी, पांघरुणं तिच्यातूनच येतात आणि मे महिन्यात खोली सोडताना तशीच भरून परत जातात. कपाटाचे पाइप सुटे करायचे, सांधे हरवायचे, पुढच्या वर्षी नवं घ्यायचं, हा खर्च कोणी मोजत नाही. ट्रंक मात्र धाकट्या भावंडाला उपयोगी पडते. ज्या वसतिगृहात भिंतीतलं कपाट मिळतं, तिथल्यांनी अर्थातच हा खर्च करू नये.

दुकानात जाण्याआधी कॉटच्या लोखंडी अँगलपासून फरशीपर्यंतचं अंतर मोजा, त्यातून पट्ट्यांचा इंच आणि सरकवायला आणखी एक इंच वजा करा. पत्रा निवडताना एवढं लक्षात ठेवा की गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. झाकण जाड घेतलं तर संध्याकाळी ट्रंक ओढून, वर घोंगडीची घडी टाकून, आलेल्या मित्राला बसायला देता येतं. मग खुर्च्या किती लागतील, याचा हिशेबही बदलतो. पुढच्या आठवड्यात टेबल-खुर्चीकडे वळू ते हे गृहीत धरूनच.