दुष्काळात तेरावा रिचार्ज

आमच्या परभणी जिल्ह्यात सोयरीक जुळवताना पूर्वी मुलाकडे जमीन किती, ती कोरडवाहू की बागायती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते का, एवढे विचारले की निम्मी बोलणी उरकत. आता या प्रश्नांच्या शेपटीला आणखी एक प्रश्न येतो : 'गावात कव्हरेज कोणाचे आहे?' मुलगी नांदायला जाणार, तर तिचा फोन लागला पाहिजे, ही आईची साधी काळजी. शहरातले लोक 'रेंज' किंवा 'नेटवर्क' म्हणतात, आम्ही कव्हरेज म्हणतो. प्रश्नाची ठेवण मात्र पाहण्यासारखी आहे. कव्हरेज आहे का, असे कोणी विचारत नाही. कोणाचे आहे, असे विचारतात. एकाचे असते आणि दुसऱ्याचे नसते, हे सर्वांनी गृहीतच धरलेले आहे.

मी उमेदीची सारी वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही उद्योगांत माणसे काय बोलतात यापेक्षा काय मोजतात याकडे लक्ष ठेवावे लागते. बँकेने तर एक खोडच लावली : कोणताही दर कानावर पडला की तो आधी वर्षावर आणून पाहायचा. मोबाईलच्या रिचार्जची मुदत २८ दिवसांची. ३६५ ला २८ ने भागा, भागाकार १३ येतो आणि एक दिवस वर उरतो. म्हणजे मोबाईलचे वर्ष तेरा महिन्यांचे! धोंड्याचा महिना बिचारा पावणेतीन वर्षांतून एकदा येतो, जावयाला अनारसे तरी खाऊ घालून जातो. हा दरसाल येतो आणि काहीच देत नाही. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण ज्याने केली त्याने मोबाईल पाहिला नव्हता, नाही तर त्याने 'दुष्काळात' हा शब्द गाळला असता.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवायला लावले. ठेवला. पण दुकानदार पुढे सरकवतो तो अठ्ठावीसचाच. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले तेव्हा जिओचा २३९ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ चा झाला. वाढ साठ रुपयांची दिसते. तेराने गुणा, वर्षाला ७८० होतात. आमच्याकडे निंदणीला बाईला दिवसाचे तीनशे रुपये मिळतात असे धरले, तर एक रिचार्ज म्हणजे एक दिवसाची निंदणी. परभणीसारख्या ठिकाणी किंमत रुपयांत सांगून कळत नाही, ती अशी रोजात सांगावी लागते.

किंमत आणि सेवा यांचा झगडा मोबाईलने आणला, असे मात्र नाही. ट्रंक कॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे चढते दर होते. साधा कॉल लावून माणूस घरी जाऊन जेवून येई, तरी तो लागलेला नसे. मयताची बातमी मात्र अर्जंटने जाई. तिथे कोणी घासाघीस करीत नव्हते. नव्वदीत एसटीडीच्या पिवळ्या पाट्या आल्या. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून परभणीच्या स्टेशन रोडवर जांभया देणाऱ्यांच्या रांगा लागत. पैसे वाचत, झोप जाई. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना मोबाईलवरून पहिला फोन केला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २००२ च्या ऑक्टोबरात बीएसएनएलची मोबाईल सेवा आणि डिसेंबरात रिलायन्स, १ मे २००३ पासून येणारे फोन मोफत, २००९ मध्ये टाटा डोकोमोची सेकंदावर आकारणी, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ. दर इतके घसरले की 'एक रिंग म्हणजे गाडीत बसलो, दोन म्हणजे उतरलो' ही मिस्ड कॉलची सांकेतिक भाषा ज्यांनी घडवली, त्यांच्या नातवंडांना ती समजावून सांगावी लागते.

मध्ये एक 'लाइफटाइम' नावाचे प्रकरण झाले. एकदा हजाराच्या घरात रक्कम भरा, येणारे फोन आजीवन मोफत. ठेव ठेवायला नाखूष असणाऱ्यांनीही हे पैसे भरले. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन, हे त्या कागदावर ठळक लिहिलेले नव्हते. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस मोबाईलवरची बोलण्याची सेवा गुंडाळली, एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया त्याच वर्षी एकत्र आल्या. उरलेल्या मोठ्या कंपन्यांनी २०१८ च्या शेवटी शेवटी येणारे फोन चालू ठेवण्यासाठीही दरमहा किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लावला. ज्याला फक्त लेकराचा फोन घ्यायचा आहे, स्वतः करायचा नाही, असा म्हातारा माणूस त्या दिवसापासून गिऱ्हाईक झाला.

अशाच एका मावशींची हकीकत सांगतो. जिंतूर तालुक्यात येलदरीकडे जाताना जमीन वर चढू लागते, माळ आणि टेकड्या सुरू होतात. तिथल्या एका वाडीत या मावशी राहतात. दोन एकर सोयाबीन, एक म्हैस. मुलगा चाकणला कारखान्यात. त्याने आईला बटनाचा फोन आणि सर्वांत स्वस्त पडणाऱ्या कंपनीचे सिम घेऊन दिले. (कंपनीचे नाव लिहीत नाही, पुढच्या गावात तिचेच कव्हरेज उत्तम असेल.) दुसऱ्या कंपनीपेक्षा महिन्याला पन्नास रुपये वाचत होते. फक्त घरात फोन लागत नव्हता. रात्री आठला मुलाची पाळी सुटे, त्या वेळी मावशी मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसत. तिथे एक-दोन कांड्या येत. पाऊस असला की जाणे नाही, पाय दुखला की जाणे नाही.

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. परभणीत, हिंगोलीत, नांदेडमध्ये शेतांची तळी झाली. मुलगा दोन दिवस फोन लावत राहिला. शेवटी तो रजा टाकून निघाला आणि रात्रभर प्रवास करून गावात आला. आई धडधाकट होती, ओल्या वैरणीतली कोरडी निवडत बसली होती. शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीचा फोन ते दोन्ही दिवस वाजत होता, पण शेजाऱ्याचा नंबर मुलाजवळ नव्हता. पिकाच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची, असा त्या हंगामात पीकविम्याचा नियम होता. तीही शेवटी शेजाऱ्याच्याच फोनवरून दिली. मुलाचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला पगार एका बाजूला मांडा, आणि पन्नास गुणिले तेरा म्हणजे साडेसहाशे रुपयांची बचत दुसऱ्या बाजूला. हे मला मांडून दाखवावे लागले नाही. मावशीच म्हणाल्या, "सायेब, त्या फोनात समदं हाय, पन पोराचा आवाज येत न्हाई."

मग महागाची कंपनी घ्यावी, असे कोणी म्हणेल. ते तितके सरळ नाही. महाग ती चांगली, हा समज पुण्या-मुंबईत कदाचित चालत असेल. माळावर कंपनीचे नाव चालत नाही, टॉवर कुठे उभा आहे ते चालते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून शिरतात; २३०० च्या लहरी ओझे जास्त उचलतात, पण लवकर दमतात. मध्ये टेकडी आली की दोघींचेही काही चालत नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, बॅटरी संपली आणि जनरेटरला डिझेल नसले की तोही झोपतो. कित्येक हुशार मंडळी फोनमध्ये दोन कंपन्यांची दोन सिमे बाळगतात आणि निर्धास्त होतात. पण पुष्कळ ठिकाणी दोन-तीन कंपन्या एकाच टॉवरवर भाड्याने राहतात. वीज गेली की बिऱ्हाडे एकदम अंधारात. दोन सिमे घ्यायची तर ती दोन टॉवरांची आहेत का, हे आधी पाहावे.

ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर दाखवायचे, आणि जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक बंद पडली तर पोस्टपेडला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यायची. पाऊल चांगलेच आहे. याआधी २०१५ मध्ये, तुटलेल्या फोनमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई ट्रायने ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मे २०१६ मध्ये रद्द केली. तेव्हा नियम आहेत यावर मी खूश आहे. पण जिल्हा म्हणजे केवढा? परभणी शहर, सेलू, मानवत, गंगाखेड ही बाजारपेठेची गावे आणि जिंतूरच्या टेकड्यांतल्या वाड्या एकाच कोष्टकात बसतात. शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस पडतो आणि त्याचे शेत कोरडे राहते. कागद म्हणतो, पाऊस झाला. कव्हरेजचा नकाशाही गावावर रंग भरतो. मावशींच्या चुलीपाशी तो रंग पोहोचला आहे का, हे नकाशात दिसत नाही.

बँकेत कर्ज देण्यापूर्वी आम्ही जागेवर जाऊन पाहणी करीत असू. विहीर कागदावर किती खोल आहे ते वाचायचे आणि मग आत दगड टाकून ऐकायचे. मुलगा दिवाळीत आला तेव्हा तोच उपाय केला. गावातल्या ओळखीच्यांकडून तीन कंपन्यांचे फोन मागून आणले आणि रात्री आठलाच, मावशींच्या स्वयंपाकघरात बसून, प्रत्येकावर मुलाकरवी दहा-दहा वेळा फोन लावून घेतला. वेळ आठचीच हवी, कारण त्या वेळी सारे गाव व्हिडिओ पाहत असते आणि टॉवरवर यात्रेसारखी गर्दी असते. दुपारी लागलेला फोन हा पुरावा नव्हे. एक कंपनी चुलीपाशी दहापैकी आठदा लागली. दुसरी ओसरीत लागली, आत नाही. तिसरी जी होती ती मारुतीच्याच भरवशावर.

सरकारी कंपनीचाही विषय निघाला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर लोक रागाने बीएसएनएलकडे वळले. त्या एका महिन्यात तिचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले. स्वस्ताई होती, पण फोर-जी अजून सर्वत्र आले नव्हते, आणि नोव्हेंबरपर्यंत ओघ उलटा फिरला होता. देशी बनावटीचे फोर-जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले, साडेसत्याण्णव हजारांवर टॉवरांसह. स्वस्त कंपनी बाजारात जिवंत राहणे माझ्यासारख्या महागड्या कंपनीच्या गिऱ्हाइकालाही हवे असते. ती नसेल तर पुढची दरवाढ करताना कोणाला कशाची भीती?

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० वर 'पोर्ट' असा संदेश पाठवला की आठ अक्षरी संकेतांक येतो, तो घेऊन नव्या दुकानात जायचे. मात्र एकदा गेलात की ९० दिवस तिथेच, आणि जुन्या सिममध्ये उरलेली मुदत बुडते. म्हणूनच आधी परीक्षा, मग पोर्ट. आणखी एक पाहावे लागते. जिओचे जाळे पहिल्यापासून फोर-जीचेच, त्यामुळे जुना टू-जी बटनाचा फोन तिथे चालत नाही, नवा घ्यावा लागतो. ती रक्कमही किमतीतच धरायची.

चुलीपाशी आठदा लागलेली कंपनी मावशींनी घेतली. त्यांना इंटरनेट नको होते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नुसत्या बोलण्याचे आणि संदेशांचे प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि जानेवारीत ते बाजारात आले. ८४ दिवसांचा साधारण साडेचारशेला, वर्षभराचा अठराशेच्या आसपास. जिंतूरच्या दुकानदाराने आधी डेटाचाच प्लॅन काढला. "आजी, दोनशे रुपयांत काय होतं, रोज व्हिडिओ बघा." मुलाने दोनदा सांगितल्यावर त्याने हा दाखवला. मी माझ्या सवयीने हिशेब केला. वर्षाचा एकदम घेतला तर दीडशेच्या आसपास वाचतात, म्हणजे अर्धा रोज. सोयाबीनचे पैसे हातात होते. मी म्हटले, वर्षाचा घ्या.

मावशींनी मान हलवली. "सायेब, टावर पडला, कंपनी उठून गेली, तर ते पैसे कुनाला मागू? पोरगं तीन महिन्यांनी येतंच. तवाच्या तवा बघू." अर्धा रोज मोजून त्यांनी सुटकेची वाट मोकळी ठेवली. बँकेत आम्ही मुदतपूर्व ठेव मोडणाऱ्याचे व्याज कापत असू, त्याची आठवण झाली. मुलाने ८४ दिवसांचे पैसे दिले. दुकानदाराने भिंतीवरचे कॅलेंडर काढून दिवस मोजले, तारीख एका चिठ्ठीवर लिहिली आणि ती फोनच्या पाठीला चिकटपट्टीने लावून दिली.